लिनक्सवरील मुक्तस्रोत व्हिडिओ संपादक

लिनक्सवरील मुक्तस्रोत व्हिडिओ संपादक ही चित्रफिती कापणे, जोडणे, त्यांना शीर्षके, उपशीर्षके व ध्वनी देणे या कामांसाठी लिनक्स संचालन प्रणालीवर वापरली जाणारी सॉफ्टवेअरे होत. त्यांचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला असतो. केडेनलाइव्ह, ओपनशॉट, शॉटकट, पिटिवी व फ्लोब्लेड हे त्यांतील प्रमुख होत. त्यांना परवाना शुल्क द्यावे लागत नाही व तयार चित्रफितीवर वॉटरमार्क उमटत नाही. नवशिक्यासाठी यांतील कोणता सोपा, हे मुख्यतः हाताशी असलेला संगणक, चित्रणाचा प्रकार आणि देवनागरी मजकुराची गरज यांवर ठरते.

मोफत आणि मुक्तस्रोत या दोन भिन्न संज्ञा आहेत. उदाहरणार्थ, दा विंची रिझॉल्व्हची एक आवृत्ती लिनक्सवर विनामूल्य मिळते. परंतु तिचा सोर्स कोड खुला नसल्याने ती मुक्तस्रोत ठरत नाही.

पार्श्वभूमी

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला. चित्रफिती वाचणे व रूपांतरित करणे यांसाठीचा एफएफएमपेग हा प्रकल्प २००० मध्ये सुरू झाला. आजचे बहुतेक मुक्त संपादक अशा सामाईक संचांवर उभे आहेत. केडेनलाइव्ह, शॉटकट व फ्लोब्लेड हे तिन्ही एमएलटी या संचावर, तर पिटिवी जीस्ट्रीमरवर आधारलेला आहे. त्यामुळे एका संपादकात उघडणारी चित्रफीत सहसा दुसऱ्यातही उघडते. फरक मुख्यतः मांडणी व सोयींत असतो.

प्रमुख संपादक

ओपनशॉट : जोनाथन थॉमस यांनी २००८ मध्ये सुरू केलेला प्रकल्प. चित्र व ध्वनी यांसाठी वेगळे ट्रॅक ठेवण्याचे बंधन नसल्याने क्लिप ओढून टाइमलाइनवर टाकली की काम सुरू करता येते. छोट्या, साध्या चित्रफितींसाठी तो सुलभ आहे.

शॉटकट : एमएलटीचे एक निर्माते डॅन डेनेडी यांनी सध्याच्या स्वरूपात विकसित केला. मांडणीचा परिचय झाल्यावर वापर सोपा होतो.

केडेनलाइव्ह : २००२ मध्ये जेसन वूड यांनी आरंभलेला व आता केडीई समुदायाचा भाग असलेला संपादक. यात सोयी अधिक असल्याने शिकण्यास काहीसा वेळ लागतो. उपशीर्षकांसाठी स्वतंत्र ट्रॅक आहे.

लॉसलेसकट : पूर्ण संपादक नव्हे. चित्रफीत पुन्हा रेंडर न करता तिचा हवा तो भाग कापून देतो. त्यामुळे काम जलद होते व दर्जा घटत नाही. मात्र कापण्याची जागा नेमकी हवी त्याच क्षणी येईल असे नाही.

निवडीचे निकष

संगणकाची क्षमता : सेकंदाला १७ मेगाबिट दराने चित्रित केलेल्या एक तासाच्या चित्रफितीस सुमारे ७.६ गिगाबाइट जागा लागते. जुन्या संगणकावर अशी चित्रफीत अडखळत चालते. अशा वेळी प्रॉक्सी, म्हणजे संपादनापुरती बनवलेली कमी आकाराची प्रत, उपयोगी पडते. अंतिम रेंडर मात्र मूळ चित्रफितीवरूनच होतो. केडेनलाइव्ह, शॉटकट व फ्लोब्लेड यांत ही सोय आहे.

मोबाइलवरील चित्रण : अनेक मोबाइल फोन दर सेकंदाच्या चौकटींची संख्या बदलती ठेवतात. अशा चित्रफितीत संपादनानंतर ओठांची हालचाल व आवाज यांचा मेळ बिघडू शकतो. शॉटकट व केडेनलाइव्ह अशी फाइल ओळखून संपादनयोग्य रूपांतर सुचवतात.

देवनागरी : 'वऱ्हाड' हा शब्दच यासाठी चांगली कसोटी ठरतो. त्यातील चंद्रकोरीसारखा अर्धा र, तसेच 'कीर्तन' यातील रफार शीर्षकात नीट उमटतो का, हे काम सुरू करण्यापूर्वी पाहावे लागते. नोटो किंवा लोहित देवनागरी यांसारखा युनिकोड फाँट त्यासाठी आवश्यक असतो. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टंकलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो.

वऱ्हाडातील उपयोग

अमरावती व अकोला जिल्ह्यांत चित्रित करून जपण्याजोगी मौखिक परंपरा मोठी आहे. संत गाडगे बाबा (१८७६–१९५६) यांनी लोकांच्या बोलीत कीर्तने केली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांची खंजिरी भजने गुरुकुंज मोझरीशी जोडलेली आहेत. मेळघाटात कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील भाषा बोलली जाते. अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. या परिसरात कृषी प्रात्यक्षिकांचे चित्रणही उपयुक्त ठरते.

या प्रत्येक कामाची गरज वेगळी असते. तासाभराच्या कीर्तनाचा केवळ आरंभ व शेवट छाटायचा असल्यास लॉसलेसकट पुरेसा होतो. कोरकू कथनाला मराठी उपशीर्षके द्यायची असल्यास केडेनलाइव्ह सोयीचा ठरतो. पेरणी किंवा फवारणीच्या प्रात्यक्षिकाला शीर्षके व निवेदन जोडण्यासाठी ओपनशॉट किंवा शॉटकट पुरतो.

जतन व मर्यादा

संपादकाच्या प्रकल्प फाइलमध्ये चित्रण नसते. मूळ क्लिप कोठे आहेत व त्या कोठे कापल्या, याचीच नोंद तीत असते. केवळ ती फाइल पेन ड्राइव्हवर नेल्यास दुसऱ्या संगणकावर क्लिप सापडत नाहीत. केडेनलाइव्हमधील प्रकल्प संग्रहित करण्याची सोय सर्व क्लिप एकत्र गोळा करते. वीज अचानक जाणाऱ्या ठिकाणी स्वयंचलित जतनाची सोय चालू ठेवणे व मूळ चित्रण वेगळ्या डिस्कवर ठेवणे आवश्यक ठरते.

सदस्यत्वावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे शुल्क थांबल्यास त्यातील जुना प्रकल्प उघडता येईलच असे नाही. मुक्त संपादकांत ही अडचण नसते. केडेनलाइव्ह व शॉटकट यांच्या प्रकल्प फाइली तर साध्या मजकूर स्वरूपात असतात. बोलीभाषेतील जे कथन पुन्हा मिळणार नाही, त्याच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. विकिमीडिया कॉमन्सवर एमपी४ चित्रफीत स्वीकारली जात नाही. तेथे वेबएम किंवा ऑग स्वरूपात रेंडर करावे लागते.

हे सुद्धा पाहा

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
लिनक्स
वऱ्हाडी बोलीभाषा
कोरकू भाषा