एकाने गिऱ्हाईक निवडलं, दुसऱ्याने माल



अमेरिकेत एमएसला किंवा नोकरीला गेलेल्या कुठल्याही मित्राला विचारा, ‘किराणा कुठून भरतोस रे?’ उत्तर साधारण ठरलेलं असतं. डाळ, पोहे, मसाले इंडियन स्टोअरमधून. दूध, अंडी, कांदे-बटाटे वॉलमार्ट किंवा कॉस्टकोतून. आणि काहीतरी वेगळं, चटकदार खायचं असेल तर ट्रेडर जोज. होल फूड्सचं नाव काढलं की मात्र पोरं हसतात. त्या दुकानाला तिकडे टोपणनावच पडलंय, ‘होल पेचेक’. म्हणजे अख्खा पगार तिथेच ठेवून यायचा.

बाहेरून बघितलं तर ही दोन्ही दुकानं सख्खी भावंडं वाटतात. दोन्हीकडे ऑरगॅनिक भाज्या, दोन्हीकडे चीजचे दहा प्रकार, दोन्हीकडे कापडी पिशवी घेऊन आलेली शिकलेली मंडळी. पण धंद्याच्या भाषेत एक आहे स्पेशालिटी स्टोअर आणि दुसरं नॅचरल फूड स्टोअर. मी दोघांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा हा फरक मला नुसता शब्दांचा वाटत होता. तसा तो नाही. ट्रेडर जोजने आधी गिऱ्हाईक ठरवलं आणि मग त्याच्यासाठी माल शोधला. होल फूड्सने आधी माल ठरवला, गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल. पुढचं सगळं, म्हणजे भाव, दुकानाचा आकार, अगदी कोण कोणाला विकलं गेलं तेही, या एका निर्णयातून आलंय.

सुरुवात जो कूलोम यांच्यापासून करू. स्टॅनफर्डमधून एमबीए झालेला माणूस. १९५८ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात त्यांनी ‘प्रॉन्टो मार्केट्स’ नावाची छोटी दुकानं सुरू केली. कोपऱ्यावरचं दुकान असतं तशी: दूध, ब्रेड, सिगारेट, बिअर. काही वर्षं बरी गेली. मग बातमी आली की सेव्हन-इलेव्हन कॅलिफोर्नियात उतरतंय. त्यांच्याकडे पैसा अफाट होता, समोरासमोर लढून उपयोग नव्हता.

इथे कूलोम यांनी जे केलं ते आपल्या स्टार्टअपवाल्यांनी नीट ऐकावं. दोन गोष्टी त्यांच्या वाचनात आल्या. एक, दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्यामुळे सरकारी मदतीने कॉलेजात जाता आलं होतं आणि देशात पदवीधरांचं प्रमाण झपाट्याने वाढत होतं. दोन, बोइंग ७४७ नावाचं प्रचंड विमान येणार होतं आणि त्यामुळे परदेशवारी स्वस्त होणार होती. यावरून त्यांनी हिशेब मांडला: शिकलेला माणूस फिरणार, बाहेरचं खाणं चाखणार आणि घरी आल्यावर तीच चव मागणार. पण शिकला म्हणजे श्रीमंत झाला असं नाही. शाळामास्तर, वादक, पत्रकार, संग्रहालयातला क्युरेटर. डोक्याने समृद्ध आणि खिशाने बेताचा. हे त्यांचं गिऱ्हाईक.

१९६७ मध्ये पॅसाडिनाच्या अरोयो पार्कवेवर पहिलं ट्रेडर जोज उघडलं. दक्षिण समुद्रावरच्या व्यापाऱ्याची सजावट, हवाईयन शर्ट घातलेले कर्मचारी. ते दुकान आजही चालू आहे.

पहिला मोठा माल होता दारू. तेव्हा कॅलिफोर्नियात दारूच्या प्रत्येक ब्रँडचा किमान भाव ठरलेला असायचा, दुकानदाराला त्याखाली विकता येत नसे. आता गंमत बघा. भाव ब्रँडला बांधलेला, मग ब्रँडच आपला असला तर? ट्रेडर जोजच्या स्वतःच्या लेबलांचं बीज असल्या पळवाटांमध्ये आहे. १९७२ मध्ये त्यांनी स्वतःच्या लेबलाखाली पहिला खाद्यपदार्थ आणला. तो कुठला? ग्रॅनोला. म्हणजे ओट्स, सुकामेवा, मध. हिप्पींचा नाश्ता! कूलोम यांनी दारूच्या दुकानाशी हेल्थ फूडच्या दुकानाचं लग्न लावलं होतं. ही गोष्ट होल फूड्सच्या जन्माआधी आठ वर्षांची. त्यामुळे ‘नॅचरल’ खाणं म्हणजे होल फूड्सचीच मक्तेदारी, असं समजणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. फक्त ट्रेडर जोजसाठी ते व्रत नव्हतं. त्या गिऱ्हाइकाला आवडतं, म्हणून ठेवलं. एवढंच.

व्रतवाले लोक वेगळे होते. १९६६ मध्ये बॉस्टनमध्ये अवेलिन आणि मिचियो कुशी या जपानी जोडप्याने ‘एरेव्हॉन’ काढलं. ब्राऊन राइस, मिसो, समुद्री शेवाळं. कारखान्यात पांढरं शुभ्र केलेलं अन्न माणसाला आजारी पाडतं, ही त्यामागची श्रद्धा. पुढच्या दहा वर्षांत देशभर अशी दुकानं आणि सहकारी भांडारं निघाली. धान्य पिंपातून सुटं मोजून द्यायचं. (हो, आपल्या वाण्याच्या दुकानासारखंच. आपण ज्या पोत्यांकडून पॅकबंद पिशवीकडे धावत होतो, ती पोती तिकडे क्रांती म्हणून परत येत होती.) सुपरमार्केट हा या मंडळींचा शत्रू होता.

या वातावरणात १९७८ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये पंचवीस वर्षांचा, कॉलेज सोडलेला जॉन मॅकी आणि एकवीस वर्षांची रेने लॉसन हार्डी यांनी घरच्यांकडून, मित्रांकडून ४५,००० डॉलर उसने घेऊन दुकान टाकलं. नाव ठेवलं ‘सेफरवे’. सेफवे नावाची बलाढ्य सुपरमार्केट साखळी होती, तिला मारलेला टोमणा. दुकानाचा माल राहत्या घरी साठवला म्हणून घरमालकाने बाहेर काढलं. मग दोघं दुकानातच राहायला लागली. तिथे न्हाणीघर नव्हतं, तेव्हा भांडी धुण्याच्या मोठ्या मशिनच्या नळीने अंघोळ करायची.

सेफरवे पूर्ण शाकाहारी होतं. दोन वर्षांनी, २० सप्टेंबर १९८० ला, गावातल्याच ‘क्लार्क्सव्हिल नॅचरल ग्रोसरी’शी हातमिळवणी करून पहिलं ‘होल फूड्स मार्केट’ उघडलं. आणि इथे मॅकीने त्या चळवळीतल्या कट्टर लोकांना न आवडणारी गोष्ट केली. मांस ठेवलं, बिअर ठेवली, कॉफी ठेवली. दुकान साडेदहा हजार चौरस फुटांचं, म्हणजे शत्रूच्याच घराचा नकाशा घेऊन बांधलेलं. पण कृत्रिम रंग, कृत्रिम चव, ठरावीक रसायनं घातलेला माल आत येणार नाही, हा नियम ठेवला.

पुढच्याच वर्षी, मे १९८१ मध्ये, ऑस्टिनला सत्तर वर्षांतला सगळ्यात वाईट पूर आला. दुकानात पाणी शिरलं, सगळा माल वाहून गेला. नुकसान साधारण चार लाख डॉलर आणि विमा शून्य. तेव्हा शेजारीपाजारी आणि गिऱ्हाइकं बादल्या-झाडू घेऊन आली. माल पुरवणाऱ्यांनी आणि सावकारांनी सवलत दिली. अठ्ठावीस दिवसांत दुकान परत उघडलं. सुपरमार्केटसाठी चिखल उपसायला कोण येईल हो? लोक आले, कारण ते दुकान म्हणजे त्यांच्यासाठी एक पक्ष होता. होल फूड्सची खरी पुंजी ही होती. आणि पुढची गोष्ट मला ती पुंजी कशी हळूहळू खर्च झाली याची वाटते.

१९९२ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि खरेदीचा सपाटा सुरू झाला. बॉस्टनकडचं ‘ब्रेड अँड सर्कस’, लॉस एंजेलिसचं ‘मिसेस गूचेस’, पूर्वेकडचं ‘फ्रेश फील्ड्स’. एकेका गावाचं लाडकं नॅचरल दुकान गिळत कंपनी वाढली. २००७ मध्ये सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी ‘वाइल्ड ओट्स’ विकत घेतला तेव्हा सरकारचं फेडरल ट्रेड कमिशन कोर्टात गेलं. वाद आपल्या विषयाचाच होता. सरकार म्हणे, नॅचरल सुपरमार्केट हा वेगळाच बाजार आहे आणि तुम्ही त्यात मक्तेदार होताय. कंपनी म्हणे, छे छे, आमची स्पर्धा सगळ्या किराणावाल्यांशी आहे, ट्रेडर जोजशीसुद्धा. सुपरमार्केटवर टोमणा मारून जन्मलेलं दुकान कोर्टात सांगत होतं की आम्ही काही वेगळे नाही! शेवटी २००९ मध्ये तडजोड झाली, काही दुकानं आणि ‘वाइल्ड ओट्स’ हे नाव विकायचं ठरलं.

पण खरा धक्का कोर्टाने दिलाच नाही. तो दिला एका छोट्या गोल शिक्क्याने. १९९० मध्ये अमेरिकेने ऑरगॅनिक अन्नाचा कायदा केला आणि ऑक्टोबर २००२ पासून सरकारी ‘यूएसडीए ऑरगॅनिक’ शिक्का पाकिटांवर यायला लागला. नॅचरलवाल्यांनी यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली होती, त्यांचा तो विजयच. पण आपल्या क्षेत्रातला माणूस लगेच ओळखेल काय झालं ते. तुमचं खास ज्ञान ओपन स्टँडर्ड झालं. आधी ‘हे शुद्ध आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर दुकानावरचा विश्वास होता. आता उत्तर शिक्क्यावर होतं आणि तो शिक्का कोणीही विकू शकत होतं. २००६ मध्ये वॉलमार्टने ऑरगॅनिक वाढवायची घोषणा केली. कॉस्टको तर या मालाच्या सगळ्यात मोठ्या विक्रेत्यांमध्ये जाऊन बसलं. तोच शिक्का, तेच पालक, कमी भाव. मग होल फूड्समध्ये कशाला जायचं? त्यात २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने वजनापेक्षा जास्त पैसे लावल्याचा ठपका ठेवला आणि कंपनीने पाच लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

ट्रेडर जोजला हा शिक्का का लागला नाही? कारण त्यांच्याकडे नियमांची यादी ही मुख्य गोष्टच नव्हती. मोठ्या सुपरमार्केटमध्ये तीस-चाळीस हजार प्रकारचा माल असतो, यांच्याकडे चार हजारांच्या आसपास. त्यातला बहुतेक त्यांच्याच लेबलाचा. एक प्रकारचं पीनट बटर शंभर कंपन्यांऐवजी एका-दोघांकडून भरपूर घ्यायचं, भाव पाडून घ्यायचा, खपलं नाही तर निर्दयपणे काढून टाकायचं. ऑनलाइन विक्री नाही, पॉइंट्सचं कार्ड नाही. १९७९ मध्ये कूलोम यांनी दुकान जर्मनीच्या आल्डी नॉर्डचे मालक थिओ आल्ब्रेख्त यांना विकलं. आल्ब्रेख्त म्हणजे काटकसरीचे बादशहा. ते शेअर बाजारात गेले नाहीत, घाई केली नाही. २००२ मध्ये, म्हणजे बरोबर तो ऑरगॅनिक शिक्का आला त्याच वर्षी, ट्रेडर जोजने १.९९ डॉलरला ‘चार्ल्स शॉ’ वाइन आणली. लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘टू बक चक’. कूलोम यांचा शिकलेला, खिसा हलका असलेला माणूस पस्तीस वर्षांनीही तोच होता.

होल फूड्सला हे कळत नव्हतं असं नाही. २०१६ मध्ये त्यांनी ‘३६५’ नावाची छोटी, स्वस्त, कमी प्रकारांची दुकानं काढली. तरुणांसाठी. साफ साफ ट्रेडर जोजची नक्कल. दरम्यान १६ जून २०१७ ला ॲमेझॉनने होल फूड्स १३.७ अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये ताबा मिळाला त्याच दिवशी काही मालाचे भाव उतरवले. आणि २०१९ मध्ये ‘३६५’ दुकानांचा प्रयोग बंद झाला. मूळ दुकानच स्वस्त करायचं, तर वेगळं स्वस्त दुकान कशाला?

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, झालं, ट्रेडर जोज जिंकलं. खरेदी करणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर मीही तेच म्हणेन. पण दुकानात आणखी एक माणूस असतो, जो आपल्याला दिसत नाही: माल बनवणारा. होल फूड्समध्ये टोमॅटोच्या वर पाटी असते, कुठल्या राज्यातला, कुठल्या शेतातला. कोणीतरी स्वयंपाकघरात लोणचं किंवा सॉस बनवायला सुरुवात केली की तिकडच्या एखाद्या शाखेत ते स्वतःच्या नावाने रॅकवर लागायचं. कितीतरी छोट्या ब्रँडना पहिली संधी अशीच मिळाली. ट्रेडर जोजमध्ये सॉस कितीही भारी असो, बाटलीवर नाव ट्रेडर जोजचं. बनवणारा कोण, ते कंपनी सांगत नाही. गिऱ्हाइकाला ते कळतं कधी? कधी एखादा माल परत बोलवायची वेळ आली, तर सरकारी नोटिशीत कारखान्याचं नाव दिसतं. म्हणजे चांगलं झालं तर दुकानाचं आणि बिघडलं तर तुमचं.

म्हणून मला ॲमेझॉनच्या त्या १३.७ अब्जांपेक्षा एक बारीक बातमी जास्त महत्त्वाची वाटते. विक्रीच्या आसपासच्या वर्षांत होल फूड्सने खरेदीचे निर्णय शाखांकडून आणि विभागांकडून काढून ऑस्टिनच्या मुख्य कार्यालयाकडे न्यायला सुरुवात केली. मोठ्या प्रमाणावर एकगठ्ठा खरेदी, म्हणून भाव कमी. शेजारच्या गावात सॉस बनवणाऱ्याला पूर्वी शाखेतल्या माणसाला चव दाखवली की काम व्हायचं. आता त्याला ऑस्टिनचं दार वाजवावं लागतं.