कळलं नाही तरी, आणि कळावं म्हणूनही

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या आगगाडीतून केडगाव स्टेशनात उतरा. साल १९०५, जून संपत आलेला. ज्येष्ठाची अमावास्या दोन-तीन दिवसांवर, म्हणजे रात्री मिट्ट काळोख. कंदील जवळ असू द्या. मुक्ती मिशनच्या बैठ्या इमारती शोधायला फार त्रास पडणार नाही. आसपास एवढं मोठं दुसरं काहीच नाही.

आत शेकडो मुली आणि बायका झोपल्या आहेत. कुणाला पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलं, कुणाला १९००च्या दुष्काळात गुजरातेतून. इथलं शिक्षण मराठीत चालतं, पण मराठी सगळ्यांची मायबोली नाही. भांडताना, रडताना, तापात बरळताना ज्याची त्याची भाषा वर येते. हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

जानेवारीत रमाबाईंनी विचारलं होतं की माझ्याबरोबर रोज प्रार्थनेला कोण बसेल. सत्तर जणी पुढे आल्या. आता त्या साडेपाचशे झाल्या आहेत आणि दिवसातून दोनदा बसतात. वेल्समध्ये संजीवन, म्हणजे श्रद्धेची नवी लाट, आलं, खासी टेकड्यांवर आलं, या बातम्या इथवर पोचल्यात. मग आपल्याकडे का नाही?

२९ जून, पहाटेचे साडेतीन. मोठ्या मुलींच्या खोलीत एकजण उठून मोठ्याने प्रार्थना करू लागते. तिच्या शेजारणीला तिच्या अंगावर ज्वाळा दिसतात. ती खोलीभर धावते, पाण्याची बादली उचलते, ओतणार तेवढ्यात पाहते तर काही पेटलेलंच नाही. मिनी अब्राम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी पुढे ही हकिगत लिहून ठेवली. मला त्यातली बादली फार आवडते. पवित्र आत्मा उतरला असं सांगणाऱ्या पुष्कळ कथांमध्ये माणसं गुडघ्यावर येतात. इथे दुष्काळ पाहिलेली एक मुलगी आधी पाणी आणायला धावते.

दुसऱ्या दिवशी रमाबाईंच्या वर्गात मागच्या रांगेत बसा. वय सत्तेचाळीस, पांढरं वस्त्र, आवाज शांत. योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय त्या मराठीत समजावून सांगत आहेत. अचानक पुढच्या मुली मोठमोठ्याने प्रार्थना करू लागतात, मग सगळ्याच. कुणी रडते, कुणी आपली पापं सांगते. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागतं. गंमत म्हणजे त्यांना ऐकू कमी येतं. इंग्लंडमध्ये डॉक्टरकी शिकण्याचा बेत याच कानांमुळे सोडावा लागला होता. तुमच्या कानठळ्या बसतील, पण त्यांच्यापर्यंत यातलं किती पोचत असेल कोण जाणे. त्यांचे डोळे मात्र प्रत्येकीवरून फिरतात.

आता सालं थोडी पुढे सरकवा. १९०६चा डिसेंबर. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमूर या धर्मोपदेशकाच्या संजीवन-सभा एप्रिलपासून गाजत आहेत, पण केडगावची ही ठिणगी तिथून उडालेली नाही; इथे साडेपाचशे जणी आधीच बसल्या होत्या. काही मुली प्रार्थना करता करता अशा भाषेत बोलू लागतात जी खोलीतल्या कुणालाच ओळखता येत नाही. मराठी ख्रिस्ती लोक याला ‘अन्य भाषा’ म्हणतात. हिंदी, गुजराती, तेलुगू अशी कुठलीतरी असेल म्हणून तुम्ही कान लावता. नसते. चाल आहे, शब्द तुटल्यासारखे वाटतात, अर्थ नाही. निदान तुमच्यासाठी नाही.

दौंडच्या मुलांच्या आश्रमातले मिशनरी अल्बर्ट नॉर्टन इथे आले असता अब्राम्सबाई त्यांना एका खोलीत नेतात. तिथे वीसेक मुली प्रार्थना करत आहेत. डोळे मिटून बसलेल्या नॉर्टनना अगदी जवळून स्पष्ट इंग्रजी ऐकू येतं आणि ते चमकतात, कारण त्यांच्या माहितीप्रमाणे अब्राम्सबाईंखेरीज तिथे कुणालाच इंग्रजी येत नाही. तुम्हीही चमका, हरकत नाही. मला मात्र लगेच चमत्कार म्हणायची घाई नाही. या आवारात इंग्रजी बोलणाऱ्या बायका रोज वावरतात, प्रार्थनाही करतात, आणि लहान वयात कानावर पडलेलं कुठे साठून राहतं हे आपल्यालाही कळत नाही. पण नॉर्टन खोटं बोलताहेत असंही मला वाटत नाही.

बाहेर टीका सुरूच आहे. हा गोंधळ आहे, हे बायकी वेड आहे, गोऱ्या पाहुण्यांना असली उपासना सहन होत नाही. मिशनच्या ‘मुक्ती प्रेअर बेल’ या पत्रिकेत रमाबाई मुलींची बाजू घेतात: हिंदी माणसाने आपल्या स्वभावाप्रमाणे देवाला आळवलं तर परदेशी साच्यात त्याला का कोंबायचं? पण प्रत्येकीला अन्य भाषा मिळालीच पाहिजे, नाहीतर तिचा विश्वास अपुरा, असा दंडकही त्या घालत नाहीत. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय उघडलात तर तोल साधायची ही धडपड तिथेही दिसेल. अन्य भाषेला पौल मना करत नाही. मात्र बोलणाऱ्याने अर्थ सांगण्याचं दानही मागावं म्हणतो, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहून देवाशी बोलावं. त्याला आत्म्यानेही प्रार्थना हवी आहे आणि बुद्धीनेही.

रमाबाईंना हे कुठल्या पंडिताने शिकवायची गरज नव्हती. त्यासाठी आणखी मागे, १८७०च्या आसपास चला. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत देशभर फिरतंय. एखाद्या देवळात किंवा नदीच्या घाटावर ते पुराण वाचतात, आणि लहानगी रमाही खणखणीत संस्कृतात वाचते. लोक येतात, फुलं, फळं, दक्षिणा ठेवतात, ऐकतात आणि उठून जातात. अर्थ कुणी सांगत नाही. पुण्य ऐकण्यातच आहे. आपल्या आत्मकथनात रमाबाईंनी हे स्पष्ट लिहिलं आहे. पुढच्या दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण गेली. न कळणाऱ्या पवित्र शब्दांवर एक कुटुंब किती दिवस जगू शकतं, हे या बाईंनी स्वतः मोजलं होतं.

म्हणून मला वाटतं, मुक्तीतल्या त्या अनाकलनीय आवाजाला त्या घाबरल्या नाहीत आणि त्यावर समाधानही मानून बसल्या नाहीत. प्रार्थनेचा गजर झाला की त्या आपल्या मेजाकडे जातात. हिब्रू आणि ग्रीक त्यांनी या कामासाठी शिकून घेतली. सगळं बायबल अशा मराठीत आणायचं की नुकतीच अक्षरं लावू लागलेल्या खेडुत बाईलाही वाचता यावं. आधीची भाषांतरं त्यांना संस्कृतात बुडालेली वाटत. मुलींना अध्याय कळेनासा झाला की आधी प्रार्थना आणि मग पुन्हा वाचन; भाषांतराचा रस्ताही तोच. फक्त रमाबाईंनी त्यात व्याकरण आणि कोशही घातले. काम सतरा-अठरा वर्षं चाललं, मध्ये १९२१ साली त्यांची मुलगी मनोरमाही गेली, तरी ते थांबलं नाही.

शेवटी छापखान्यात या. शाईचा वास, खणांमध्ये ठेवलेले छपाईचे खिळे, पदर खोचून ते जुळवणाऱ्या मुली. भाषांतर बाईने केलं, जुळणी आणि छपाईही बायकाच करताहेत. तुमच्या हाती एक ओलं मुद्रित देतील आणि मोठ्याने वाचायला सांगतील. कुठे अडखळलात तर संकोच करू नका, सांगून टाका; अजून दुरुस्ती होते. फक्त १९२२च्या एप्रिलआधी सांगा. ५ तारखेला बाई गेल्या, आणि छापलेला सबंध ग्रंथ बाहेर पडला तो १९२४मध्ये.