रुमालाखालचा भाव

हे कोडं तुम्हीही ऐकलं असेल. दोन भाऊ खेळून घरी येतात, दोघांच्याही कपाळाला चिखल. प्रत्येकाला दुसऱ्याचं कपाळ दिसतं, स्वतःचं नाही. वडील म्हणतात, "एकाच्या तरी कपाळाला चिखल आहे. स्वतःचं कोणाला सांगता येईल?" दोघंही गप्प. पुन्हा विचारल्यावर मात्र दोघंही एकदम "माझ्या!" म्हणतात. कारण मी स्वच्छ असतो तर भाऊ पहिल्याच खेपेला बोलला असता. लिटलवुड या गणितज्ञाने 1953 च्या पुस्तकात हेच कोडं चेहरे मळलेल्या तीन बायकांवर रचलंय. गंमत बघा, चिखल दोघांना आधीपासून दिसतच होता. वडिलांनी तो फक्त सगळ्यांसमोर बोलून दाखवला.

मला यावरून आठवतो तो कापसाचा जुना बाजार. आमच्या जळगाव-धुळ्याकडे कापूस म्हणजे वर्षाची कमाई. भाव ठरायचा रुमालाखाली. व्यापारी आणि आडत्या कापडाखाली हात धरायचे, बोटं दाबून आकडा सांगायचे. याला हत्ता म्हणत. कापसाचा मालक शेजारीच उभा, पण बोटं त्याला दिसत नसत. आणि (हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं) दुसऱ्या व्यापाऱ्यालाही दिसत नसत. कोड्यातल्या भावाला दुसऱ्याच्या गप्प राहण्यावरून तरी काही कळतं. इथे कोण कुठल्या आकड्याला गप्प झाला, हेच कळायची सोय नाही.

वऱ्हाडात बाजाराचा कायदा 1897 सालीच झाला होता. मुंबई इलाख्यात कॉटन मार्केट्स अ‍ॅक्ट आला 1927 ला, आणि धुळ्याचा बाजार त्याखाली सुरुवातीलाच आला. उघड लिलाव पुढे बाजार समित्यांच्या नियमांत आला. चार लोकांत आकडा ओरडायचा, एवढंच. पण मग आडत्याला दोघांना दोन भाव सांगणं अवघड!

आजोबा त्या कायद्याच्या आधीची एक गोष्ट सांगायचे. ते आणि शेजारचा शेतकरी एकाच दिवशी, सारखाच कापूस घेऊन गेले. आडत्याही एकच. परतताना गाड्या मागेपुढे. आपल्याला कमी मिळालं असा संशय दोघांनाही होता. आडत्याकडून दोघांनी उचल घेतलेली, त्यामुळे विषय कोणीच काढला नाही.

"माले ठाऊक व्हतं, त्याले बी ठाऊक व्हतं," आजोबा म्हणायचे.

मग विचारलं का नाही, म्हटलं की ते सुपारी कातरायला घ्यायचे.