लाकूड लपवणारी लाकडी इमारत

"तुझी पीएचडी नेमकी कशावर?" असं घरी कुणी विचारलं की मी "लंडनमधल्या लाकडी इमारतींवर" असं सांगते. पुढचा प्रश्न काय येणार हे मला आता पाठ झालंय. पुण्यात बांधकामाची कामं घेणारे माझे मामा म्हणाले, "नऊ मजली? लाकडाची? अगं, आग लागली म्हणजे? शनिवारवाड्याचं काय झालं, विसरलीस का?" विसरले नाही. १८२८ मध्ये वाडा जळाला, लाकडी मजले गेले आणि दगडी तटबंदी उरली. मामांचा प्रश्न बरोबरच आहे, म्हणून आजची पोस्ट त्याच्यावर.

पूर्व लंडनमधल्या हॅकनी भागात मरे ग्रोव्ह नावाचा रस्ता आहे. तिथे २००९ मध्ये 'वॉ थिसलटन आर्किटेक्ट्स' या फर्मची एक इमारत पूर्ण झाली. अँड्र्यू वॉ आणि अँथनी थिसलटन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली ही फर्म तेव्हा फारशी मोठी नव्हती. इमारत नऊ मजली, त्यात २९ घरं. तळमजला काँक्रीटचा, वरचे आठ मजले लाकडाचे. भिंती आणि स्लॅब तर लाकडी आहेतच, पण जिना आणि लिफ्टचे उभे खांचेही लाकडीच. आधुनिक काळातली ती त्या वेळची जगातली सर्वांत उंच लाकडी निवासी इमारत होती.

हे लाकूड म्हणजे आपल्या वाड्यांसारखे खांब-तुळया नव्हेत. त्याचं नाव क्रॉस लॅमिनेटेड टिंबर, थोडक्यात सीएलटी. स्प्रूस हे पाइनच्या कुळातलं झाड. त्याच्या फळ्यांचा एक थर आडवा, त्यावर दुसरा उभा, मग पुन्हा आडवा, असे तीन, पाच किंवा सात थर गोंदाने दाबून चिकटवायचे. लाकूड रेषांच्या दिशेत मजबूत असतं, आडव्या दिशेत कमजोर. थर असे उलटसुलट टाकले की ही खोड निघून जाते आणि भिंतीएवढा अखंड तुकडा मिळतो. यामागचा पायाभूत अभ्यास ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे गेऱ्हार्ड शिकहोफर यांनी केला, तोही १९९४ च्या पीएचडी प्रबंधात! (प्रबंध कुणी वाचत नाही म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

मरे ग्रोव्हचे सगळे तुकडे ऑस्ट्रियातल्या केएलएच कंपनीने कापले. खिडक्या-दारांची भोकंसुद्धा कारखान्यातच पाडली आणि ते ट्रकवरून लंडनला आले. चार सुतारांनी २७ दिवसांच्या कामात सांगाडा उभा केला. पूर्ण इमारतीला ४९ आठवडे लागले. काँक्रीटमध्ये तिला ७२ लागतील असा अंदाज होता.

आता मामांचा प्रश्न. लंडनमध्ये तो ऐरणीवर आला १६६६ मध्ये. त्या सप्टेंबरात चार-पाच दिवस शहर जळत होतं, तेरा हजारांवर घरं गेली. पुढच्याच वर्षी पुनर्बांधणीचा कायदा झाला: बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच हव्यात. घरांच्या आत तुळया आणि तक्तपोशी लाकडाचीच राहिली. पण रस्त्यावरून दिसणारं लंडन हळूहळू विटांचं झालं.

दुसरी तारीख १६ मे १९६८. रोनन पॉइंट हा पूर्व लंडनमधला २२ मजली टॉवर, काँक्रीटचे तयार तुकडे जोडून बांधलेला. अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत बाहेर फेकली गेली आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखा इमारतीचा अख्खा कोपरा कोसळला. चार माणसं गेली. त्यानंतर नियम आला, की एक भिंत निघाली म्हणून बाकीची इमारत पडता कामा नये. हा धडा काँक्रीटच्या दुर्घटनेचा, पण तो चाळीस वर्षांनी मरे ग्रोव्हच्या कामी आला. टेक्निकर या फर्मच्या इंजिनिअरांनी सांगाडा असा आखला, की एखादी भिंत गेली तरी वरच्या स्लॅबने मधलं अंतर पेलावं.

आणि आग? जाड लाकूड काडीसारखं भुरकन पेटत नाही. बाहेरचा थर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. स्प्रूस साधारण मिनिटाला ०.७ मिलिमीटर या वेगाने आत जळतं, म्हणजे तासाला चारेक सेंटिमीटर. हा वेग माहीत असल्यामुळे हिशेब करून तेवढी जाडी आधीच वाढवता येते. शिवाय मरे ग्रोव्हमध्ये आतून सगळीकडे जिप्समचे बोर्ड लावले आणि बाहेरून करड्या-पांढऱ्या फलकांचं आवरण चढवलं.

म्हणजे ही एवढी गाजलेली लाकडी इमारत बघायला गेलात तर लाकूड कुठेच दिसत नाही! पहिल्यांदा तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा मी चक्क पत्ता पुन्हा तपासला. आगीच्या नियमांमुळे बोर्ड आले हे खरं. पण मला वाटतं, त्या झाकलेल्या भिंतींमध्ये १६६६ पासूनचा लंडनचा अविश्वासही आहे. लाकडाला शहरात परत यायचं होतं, तर तोंड लपवून.

तरीही ते आलं. २०१७ मध्ये याच फर्मने डाल्स्टन वर्क्स ही दहा मजली, १२१ घरांची सीएलटी इमारत पूर्ण केली. लाकूड हलकं असल्यामुळे, खालून रेल्वेचे बोगदे जाणार असतानाही तिथे जास्त घरं बसवता आली. वाटलं, गाडी रुळावर आली.

त्याच वर्षी १४ जूनला ग्रेनफेल टॉवर पेटला. ७२ माणसं गेली. हा टॉवर काँक्रीटचा होता. आग चढली ती बाहेरून लावलेल्या आवरणामुळे: ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक, आणि मागे जळणारा फोम. डिसेंबर २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये बंदी आली: १८ मीटरवरच्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत जळू शकणारं साहित्य नको. यात भार पेलणारी सीएलटीची भिंतही आली. मरे ग्रोव्हची इमारत आज आहे तशी पुन्हा बांधता येणार नाही.

लाकडाच्या चाहत्यांचं म्हणणं सरळ आहे: गुन्हा प्लास्टिकचा, शिक्षा लाकडाला. वर्षभर कागदपत्रं चाळल्यावर माझं मत तितकं सरळ राहिलेलं नाही. सीएलटीतले काही गोंद तापले की जळालेला थर गळून पडतो, आतलं ताजं लाकूड उघडं पडतं आणि विझत आलेली आग पुन्हा भडकू शकते. ०.७ चा हिशेब तिथे कोलमडतो. ग्रेनफेलच्या चौकशीने २०२४ च्या अहवालात दाखवून दिलं, की साहित्य विकणाऱ्यांनी चाचण्यांबाबत फसवलं आणि तपासणाऱ्यांनी डोळेझाक केली. अशा वेळी कुणी "आमचं गणित बघा" म्हटलं, तर ज्यांची माणसं गेली त्यांनी ते का ऐकावं?

दुसऱ्या बाजूला, सिमेंट बनवताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, इमारत उभी आहे तोवर अडकलेला. बंदीचा खर्चही कुठेतरी मांडला जातोच.

ऑफिसांना ही बंदी लागू नाही. त्यामुळे वॉ थिसलटन यांची २०२३ ची ब्लॅक अँड व्हाइट बिल्डिंग, शोरडिचमधली सहा मजली लाकडी इमारत, ऑफिसची आहे. तिथे खांब-तुळया उघड्या आहेत. दिवसा माणसं लाकडाखाली काम करतात. रात्री झोपायला मात्र विटा-काँक्रीटमध्ये जातात.

मामांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गोंद कुठला वापरतात ते आधी विचार." माझ्या पुढच्या प्रकरणाचा विषय नेमका तोच आहे.