धनादेश थांबवला, म्हणून देणे संपते का?

घाटकोपरच्या एखाद्या व्यापाऱ्याने माल पोचवावा, बदल्यात पुढच्या तारखेचा धनादेश घ्यावा आणि तो ‘देणाऱ्याने पेमेंट थांबवले’ असा शेरा घेऊन परत यावा. देणाऱ्याच्या खात्यात मात्र पैसे आहेत. हा गुन्हा ठरतो का? सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची १९९६ आणि १९९८ साली दोन वेगवेगळी उत्तरे दिली.

हुंडी हरवली की पेढी ‘पैठ’ लिहून देई. तीही गहाळ झाली तर ‘परपैठ’. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याने हुंडीच्या या रूढींना हात लावला नाही. धनादेशाची रीत निराळी. तो खातेदाराने आपल्या बँकेला दिलेला आदेश. वटण्यापूर्वी तो मागे घेता येतो. क्रमांक, तारीख, रक्कम आणि नाव कळवले की बँकेचा पैसे देण्याचा अधिकार संपतो. देणे मात्र तसेच उरते.

१ एप्रिल १९८९ पासून अपुऱ्या शिलकीमुळे धनादेश न वटणे हा कलम १३८ खाली गुन्हा झाला. ‘पेमेंट थांबवले’ हे शब्द त्या कलमात नव्हते, आणि पळवाट तिथेच होती. १९९६ च्या निकालाने ती रुंदावली: ‘धनादेश भरू नका’ असे आधी कळवून तो थांबवला, तर गुन्हा नाही. मग कलमाला अर्थ तो काय उरला? १९९८ साली मोदी सिमेंट्स खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय रद्द ठरवला. खात्यात पुरेसे पैसे होते आणि देणेच नसल्याने धनादेश थांबवला, हे देणाऱ्याने सिद्ध केले तर तो सुटतो, असे २००१ साली स्पष्ट झाले.

पुढचा पेच अंतराचा. ‘दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात १ ऑगस्ट २०१४ रोजी ठरले, की देणाऱ्याची बँक जिथे, खटला तिथेच. म्हणजे कोलकात्याच्या ग्राहकासाठी घाटकोपरकराने कोलकाता गाठायचे. साक्षीपुराव्यापर्यंत न पोचलेल्या तक्रारी परत देऊन योग्य न्यायालयात नेण्यासाठी ३० दिवसांची मुदत मिळाली. छोट्या व्यापाऱ्याला वकील आणि रेल्वेचे भाडे बुडालेल्या रकमेहून जड जावे, असा हा प्रकार.

जून २०१५ मधील वटहुकमाने आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने ही दिशा उलटवली. धनादेश घेणाऱ्याने तो आपल्या खात्यात भरला, की त्याचे खाते असलेल्या शाखेच्या हद्दीतले न्यायालय खटला चालवते. अंधेरीत खाते असेल तर अंधेरी, बोरिवलीत असेल तर बोरिवली. त्याआधी शेरा कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर पैसे चुकते करायला देणाऱ्याला १५ दिवस असतात.