बिनतारी नेटवर्क कार्ड

संगणकातील माहिती रेडिओ तरंगांवाटे, तारेविना दुसऱ्या यंत्राकडे पाठविणारी व तिकडून आलेली माहिती स्वीकारणारी प्रयुक्ती. तीत प्रेषी, ग्राही व आकाशक एकत्र असतात. जुन्या टेबल-संगणकांत ती सहसा अंगभूत नसे. मागाहून बसवावी लागे. भारतात, व म्हणून धाराशिव जिल्ह्यातही (२०२३ पूर्वीचे नाव उस्मानाबाद), तिच्या प्रसाराला केवळ यंत्रसुधारणा पुरेशी नव्हती. परवान्याची अट शिथिल होणेही तितकेच आवश्यक होते.

इतिहास : हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये बेटाबेटांवरील संगणक रेडिओने जोडले. अमेरिकेने १९८५ मध्ये काही कंप्रतापट्टे परवान्याविना वापरण्यास खुले केले आणि त्यानंतर अशी कार्डे बाजारात येऊ लागली. निरनिराळ्या निर्मात्यांची कार्डे परस्परांशी जुळावीत म्हणून १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक ठरले. त्याचा कमाल वेग सेकंदाला २० लाख बिट होता. १९९९ च्या सुधारित मानकात तो १ कोटी १० लाख बिटांवर गेला.

भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमान्वये परवान्याविना बिनतारी उपकरण बाळगणे हाच गुन्हा होता. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेला हा जिल्हा पुढे मध्यवर्ती कायद्यांच्या कक्षेत आला. संगणकांचे बिनतारी जाळे जिल्हा पातळीवर प्रथम आले ते शासनामार्फत. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने १९८७ च्या सुमारास ‘निकनेट’ हे उपग्रहाधारित जाळे उभारण्यास प्रारंभ केला व देशातील जिल्हा मुख्यालये लहान भूकेंद्रांनी जोडली. या भूकेंद्रांत संदेश रुंद कंप्रतापट्ट्यावर पसरून पाठविण्याचे विस्तारित वर्णपट तंत्र योजिले होते. पहिल्या नेटवर्क कार्डांतही हेच तत्त्व होते. तंत्र तेच असले, तरी शाळेला वा दुकानदाराला ते मोकळेपणी वापरता येत नसे. जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठराविक शक्तिमर्यादेत परवानामुक्त झाला आणि ही अडचण दूर झाली.

ग्रामीण उपयोग : कार्डाचा पल्ला सामान्यतः काही दशक मीटर असतो, भिंतींनी तो आणखी घटतो. त्यामुळे बालाघाटच्या पठारावरील विखुरलेली गावे केवळ अशा कार्डांनी जोडली जाऊ शकत नाहीत. गावापर्यंतचा दुवा तंतू-केबलीने वा मनोऱ्याने साधावा लागतो. ग्रामपंचायती केबलीने जोडण्याची राष्ट्रीय योजना (पुढे ‘भारतनेट’) २०११ मध्ये मंजूर झाली. गावात पोहोचलेला दुवा खोलीतील टेबलापर्यंत नेणे, एवढेच कार्डाचे कार्य होय. मात्र त्यामुळे चालू स्थितीतील जुना संगणक टाकून देण्याची गरज उरत नाही.

जोडणी : प्रथम संगणकातील खाच कोणत्या प्रकारची आहे, हे पाहावे लागते. फार जुन्या यंत्रात आयएसए, त्यानंतरच्यात पीसीआय खाच असते. यूएसबी द्वार असल्यास संगणक न उघडता काम भागते. त्यानंतर कार्यकारी प्रणालीला कार्ड ओळखता यावे, म्हणून त्याची ‘ड्रायव्हर’ ही आज्ञावली भरावी लागते. ती कार्ड व प्रणाली या दोहोंना अनुरूप असणे आवश्यक असते. अनेकदा काम येथेच अडते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. तारेतील संदेश तारेतच राहतो. रेडिओ तरंग मात्र भिंतीपलीकडेही जातात. आरंभीच्या कार्डांतील डब्ल्यूईपी ही सांकेतिक पद्धत सहज फोडता येते, असे २००१ मध्ये सिद्ध झाले. विंडोज एक्सपी प्रणालीत डब्ल्यूपीए२ ही अधिक भक्कम पद्धत २००८ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकपासून समाविष्ट झाली. परंतु त्या प्रणालीच्या सुरक्षा-दुरुस्त्या एप्रिल २०१४ मध्ये थांबल्या. म्हणून नागरिकांचे दाखले वा बँकेचे व्यवहार असलेल्या जुन्या यंत्रावर कार्ड बसविण्यापूर्वी, दुरुस्त्या अद्याप मिळत असलेली हलकी प्रणाली त्यावर चालेल काय, हे पाहणे इष्ट ठरते. तशी प्रणाली चालत नसल्यास ते यंत्र जाळ्यापासून अलग ठेवून स्थानिक कामापुरतेच वापरावे.