मालाडची दमट हवा आणि चित्रपटांची रिळे

१/ १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मालाड येथे बॉम्बे टॉकीजची स्थापना केली. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग हे जर्मन तंत्रज्ञ तेथे कार्यरत होते. ‘अछूत कन्या’ (१९३६) आणि ‘किस्मत’ (१९४३) याच संस्थेचे. ते तयार झाले. पण टिकवायचे कसे?

२/ त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची, म्हणजे रासायनिकदृष्ट्या स्फोटक कापसाच्या कुळातली. जळण्यास लागणारा प्राणवायू तिच्या घडणीतच असल्याने एकदा पेटल्यावर ती पाण्याखालीही जळत राहते.

३/ आग न लागताही ती नष्ट होते. उष्ण, दमट हवेत तिचे विघटन होऊन आम्लयुक्त वायू सुटतात आणि डब्यात कोंडले की ऱ्हास अधिकच वेगाने होतो. चित्र फिकटते, फिल्म चिकट होते, अखेर तपकिरी भुकटी उरते. समुद्रालगतच्या उपनगराची हवा याला पोषकच.

४/ १९५१ मध्ये कोडॅकने नायट्रेट फिल्मचे उत्पादन थांबवले. तिची जागा घेणारी ॲसिटेट ‘सेफ्टी फिल्म’ सहज पेटत नाही. मात्र तीही कुजते. डबा उघडताच येणारा व्हिनेगरचा वास ही त्याची खूण.

५/ यावर उतारा थंडाव्याचा. तापमान सुमारे ५ अंश सेल्सियसने उतरवले, की ॲसिटेटच्या ऱ्हासाचा वेग साधारण निम्मा होतो. हवाही कोरडी हवी: आर्द्रता ३० ते ५० टक्के. थंड कोठारातून काढलेला डबा मात्र लगेच उघडायचा नसतो. अन्यथा फिल्मवर दव धरते.

६/ हा खर्च करणार कोण? प्रदर्शन संपले की निर्मात्याच्या लेखी रीळ म्हणजे अडगळ. कित्येक रिळे त्यांतील चांदी काढण्यासाठी विकली गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, ‘राजा हरिश्चंद्र’नंतर अर्धशतकाने. पी. के. नायर यांनी पुढे गावोगावी फिरून प्रती जमवल्या. पण मूकपटांच्या काळातील बहुतांश ठेवा तोवर हरपला होता.

७/ जे वाचले तेही निर्धास्त नव्हते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि अनेक जुनी रिळे भस्मसात झाली. थंड कोठार आवश्यक. तितकीच आवश्यक दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली दुसरी प्रत.

८/ मालाडचा तो स्टुडिओ १९५०च्या दशकात बंद पडला आणि त्याची वास्तू ऊनपावसात खचत गेली. ‘अछूत कन्या’ मात्र आजही पाहता येतो, कारण त्याची प्रत टिकली. ज्या चित्रपटांची प्रत टिकली नाही, त्यांची आता केवळ नावे उरली आहेत.